बंद खोलीतला शेक

मी लवू. पावस गावाच्या वर, कातळाच्या सड्यावर आमची वाडी आहे आणि वाडीत रिक्षा एकच, ती माझी. इतकी वर्षं माणसं माझ्या पाठीमागे बसून बोलतायत आणि मी पुढे रस्ता बघत ऐकतोय. त्यामुळे एक गोष्ट छातीठोक सांगतो, आमच्या माणसाला उन्हाळा कसा काढायचा ते कुणी शिकवावं लागत नाही. मे महिन्यात सड्यावरचा कातळ तव्यासारखा तापतो, पण म्हातारं माणूस उन्हात दिसलं की कुणीही हाक मारतं, सावलीत ये, पाणी पी. दारं-खिडक्या सताड उघडी, खाटा दारापुढच्या खळ्यात, आणि दिवसभर उकाड्याच्या नावानं शिव्या. भाडं देताना माझ्या अंगावरसुद्धा वसकन येतात, जसा काही सूर्य मीच रत्नागिरीहून भरून आणला. मी ऐकून घेतो. शिव्या देणारा माणूस निदान जागा असतो, आजूबाजूला बघत असतो.

थंडीचं तसं नाही. थंडी आमच्याकडे चार दिवसांची पाहुणी, तीही पौषात वगैरे. कार्तिकात तर आमच्या घरांत पंखे फिरत असतात. गेल्या कार्तिकात मात्र पाऊस जातो-न जातो तोच उत्तरेचा वारा सुटला. तुळशीची लग्नं अजून लागायची होती, भाताचे भारे खळ्यात ओले पडलेले, आणि सकाळी विहिरीच्या पाण्यात हात घालवेना. दापोलीकडे असलं हीव पडतं म्हणून ऐकलं होतं, पण आमच्याकडे, समुद्र हाकेवर असताना, कुणी बघितलं नव्हतं.

आणि काय सांगू, वाडी नुसती खुलली. ज्याला त्याला आनंद. कुणी मुंबईहून आणलेली माकडटोपी पेटीतून काढली, कुणी शेकोटीशी बसून फोटो काढले आणि मुंबईच्या भावाला पाठवले, बघ, आता महाबळेश्वरला जायला नको. रिक्षात बसणारी माणसं हसत बसायला लागली, उतरताना "सांभाळून जा रे लवू" म्हणायला लागली. आंब्याच्या बागायतदारांचं तर विचारूच नका. थंडी लवकर म्हणजे मोहोर लवकर, मोहोर लवकर म्हणजे पहिली पेटी आपली. हरिश्चंद्रभाऊ सकाळी उठून कलमांखालून असे फिरायचे, जशी प्रत्येक फांदी त्यांना काहीतरी सांगणार आहे. त्या थंडीला एका माणसानं एक शिवी दिली नाही. मीही दिली नाही. दार लावलं, पांघरूण ओढलं, झोपलो. थंडीत काय करायचं, तर सगळं बंद करायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

आता मथुराकाकीचं सांगतो, कारण सगळं शेवटी तिच्यावरच आलं.

मथुराकाकी लग्न होऊन वाडीत आली तेव्हा तिचा नवरा बाबू मिरकरवाड्याला एका ट्रॉलरवर खलाशी होता. महिन्यातले पुष्कळ दिवस तो समुद्रावर आणि ही घरात सासूसोबत. सासू तुळसा म्हणजे त्या काळची नावाजलेली बाई, बाळ-बाळंतिणीचं न्हाणं करणारी. बाळंतिणीला तेल लावायचं, कडकडीत पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाजेवर निजवून खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर ओवा आणि शेपा टाकायचा. मग पोराला पायांवर आडवं घेऊन अंघोळ, धुरी, आणि दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत. सासूच्या हाताखाली काकी हे शिकली. सासू गेल्यावर काम तिच्याकडे आलं. मग एका वादळात बाबूसुद्धा गेला. त्याच्या मागे तिला तेच काम उरलं आणि एक मुलगा, रितेश. तो आता नालासोपाऱ्याला असतो. तिकडे ये म्हणून मागे लागतो. काकी जात नाही. म्हणते, तिथं माझ्या पायांवर कोण पोर देणार?

काकीनं पहिल्यांदा एकटीनं न्हाऊ घातलेलं पोर म्हणजे मी. हे ती चारचौघांत सांगते. माझं नाक चोळून चोळून सरळ करायला तिनं जिवाचं रान केलं, पण आईच्या माहेरचं नाक ते, हट्टी, नकटंच राहिलं. भरल्या रिक्षात हे ऐकवते. आता तिचे गुडघे गेले, म्हणून सकाळी मीच तिला घराघरांत सोडतो. भाडं द्यायला बघते, मी घेत नाही, मग ती सीटवर कधी पडवळ, कधी दोडका ठेवून जाते.

त्या कार्तिकात तिच्याकडे दोन घरं होती. पहिलं हरिश्चंद्रभाऊंचं. त्यांची मुलगी ऋतिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई गौरव लोट्याला केमिकलच्या कंपनीत, पाळीवर असायचा, सुट्टी मिळेल तसा येऊन जायचा. मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात थंडी पडली, म्हणून भाऊंची बायको यमुनाबाई ज्याला त्याला सांगत होती की नात पायगुणाची आहे, मोहोर घेऊन आली. दुसरं घर खालच्या वाडीत काशीवहिनीचं. तिची सून वेदिका, तिला मुलगा झाला होता.

दोन्ही घरं नवी. स्लॅबची, वर गच्ची, सरकत्या काचांच्या खिडक्या. हे सांगतो कारण जुन्या घरांत वर कौलं असायची. शेगडीचा धूर कौलांतून आपला आपण निघून जायचा, पहाटे लांबून बघितलं तरी कळायचं की या घरात बाळंतीण आहे. तुळसानं काकीला शिकवलं ते त्या घरांत. स्लॅबच्या घरांतही काकीनं कितीतरी बाळंतपणं केली, पण कधी काही झालं नाही. होणार कसं? आमच्या उकाड्यात खिडकी बंद ठेवतो कोण? शेगडी खाली, पंखा वर, बाळंतीण घामाघूम, आणि आई पदरानं वारा घालतेय. काकीच म्हणायची, वाईच शेकून होतं न होतं तो पोरी म्हणतात, काकी, पुरे. शेगडी लगेच मागल्या पडवीत.

त्या सकाळी हरिश्चंद्रभाऊंकडे तसं झालं नाही. मी खळ्यात उभा होतो, यमुनाबाईनं दिलेला चहा हातात धरून, पिण्यापेक्षा हात शेकायलाच जास्त. आतलं काकीनं मला नंतर सांगितलं. ऋतिका कुडकुडत होती. न्हाऊन आल्यावर तिचे दात वाजत होते. काकीनं खिडक्या सरकवून घट्ट लावल्या, करवंट्यांचे लालभडक निखारे रोजच्यापेक्षा जास्त घातले आणि शेक झाल्यावर शेगडी बाहेर काढलीच नाही. ऋतिकाच म्हणाली, राहू दे काकी, बरं वाटतंय. तेव्हा काकीनं यमुनाबाईला सांगितलं की आज हिला आणि पोरीला दार लावून झोपू दे, उंबऱ्याच्या फटीला गोणपाट सार, ऊब राहू दे. यमुनाबाईनं तसं केलं. दोघींनी ते मायेनंच केलं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

काकी रिक्षात बसली ती डोकं धरून. डोकं ठणकतंय म्हणाली, मळमळतंय, हा मेला गारठा डोक्यात गेला. मी म्हटलं, पदर बांध कानांवर. बाजूचे पडदे सोडलेलेच नव्हते, सड्यावरचा वारा आरपार. ती सगळा वेळ त्या वाऱ्याला बोलत होती. खालच्या वाडीचा उतार लागला तेव्हा माझा फोन वाजला. यमुनाबाई. एका दमात सांगत सुटली. ऋतिका उठून उलटी करून पुन्हा आडवी झाली, डोकं फुटतंय म्हणाली, आता नीट बोलत नाही. पोर अंगावर पीत नाही, मान टाकतेय, रडतसुद्धा नाही. गारठा बाधला, आता काय करू?

मी फोन मागे दिला. काकीनं काय सांगितलं ते मी या कानांनी ऐकलंय. वाडीतल्या कुठल्याही शहाण्या माणसानं तेच सांगितलं असतं. पांघरूण आणखी घाल, दार उघडू नको, शेगडीत चार निखारे वाढव, मी आलेच.

मी रिक्षा फिरवली. चढ होता, गाडी रेटत होतो. मग काकीनं मागून विचारलं, तुझं डोकं दुखतंय का रे? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, माझं दुखत होतं. मला वाटलं म्हातारी घाबरून काहीबाही बोलतेय. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लवू, गारठ्यानं दुखत असतं तर या वाऱ्यात वाढलं असतं. इथं तर उतरलं रे. ते त्या खोलीतलं आहे."

मला कळेपर्यंत तिनं फोन लावून घेतला होता. दार उघड, पोरीला उचलून खळ्यात आण, ऋतिकाला ओढत बाहेर काढ, असं ती ओरडत होती. पलीकडून यमुनाबाई काय म्हणाली ते मला ऐकू आलं. एवढ्याशा जिवाला या थंडीत उघड्यावर आणू? तुला वेड लागलंय का? आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही. मी दोष देत नाही. आताच जी बाई दार लावून घे म्हणाली तीच उलटं सांगायला लागली, तर माणसानं कुठलं खरं धरायचं? आणि थंडी तर सगळ्यांना दिसत होती. ते दुसरं दिसत नव्हतं, त्याला वासही नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा दार बंदच होतं. गुडघे धरून चालणारी काकी, रिक्षा थांबायच्या आत उतरली. यमुनाबाई दारात आडवी आली, तिला तिनं खांद्यानं बाजूला सारलं, आत गेली आणि पोर घेऊन बाहेर आली. खळ्याच्या मधोमध उभं राहून तिनं पोरीच्या तोंडावरचं दुपटं काढलं. शेजारच्या बाया धावत आल्या, अगं झाक, झाक तिला म्हणून ओरडायला लागल्या. यमुनाबाई पोर ओढून घ्यायला बघत होती आणि काकी पाठ फिरवून वाऱ्याकडे तोंड करून उभी. मी आणि हरिश्चंद्रभाऊंनी ऋतिकाला उचलून आणलं. मी आत गेलो तेवढ्यात मलाही डोळ्यांपुढे अंधारल्यासारखं झालं. पोरीचा चेहरा मी बघितला नाही. बघवलं नाही.

दवाखान्याच्या गाडीची वाट बघण्यात अर्थ नव्हता, पोरीसकट तिघी बायकांना आणि भाऊंना रिक्षात घातलं आणि रत्नागिरीला निघालो. पडदे सोडू का विचारलं तर काकी म्हणाली, एक पडदा सोडलास तर बघ. भाट्याच्या पुलावर खाडीचा वारा असा होता की माझी बोटं हँडलवर बधिर झाली. मागे यमुनाबाई रडत होती आणि काकीला शिव्या देत होती, मारशील माझ्या नातीला, मारशील. काकी फक्त पोरीच्या तळव्याला टिचक्या मारत होती. पुलाच्या टोकाला पोरीनं एकदा कण्हल्यासारखं केलं. मी देवाला हात जोडायला हँडल सोडणार होतो.

दवाखाना तोच, जिथं ऋतिका बाळंत झाली होती. सुट्टी देताना तिथल्या सिस्टरनं यमुनाबाईला बजावलं होतं, घरी शेगडी-बिगडी काही करायचं नाही. यमुनाबाईनं मान हलवली होती. सगळ्याच मान हलवतात, आणि घरी येऊन आपलं ते करतात. आता आत गेल्या गेल्या डॉक्टरीण आली, वयानं लहानच, तिनं पोरीला बघितलं, ऋतिकाला बघितलं आणि विचारलं, खोलीत काही पेटवलं होतं का? शेगडी, कोळसा, काही?

"नाही," यमुनाबाई म्हणाली. "थंडी बाधली हो. दुसरं काही नाही."

भाऊ जमिनीकडे बघत होते. डॉक्टरीण पुन्हा म्हणाली, नक्की नाही ना, कारण त्यावर पुढचं ठरतं. यमुनाबाई पुन्हा नाही म्हणाली, आणि हे म्हणताना तिनं काकीकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. तू गप्प बस, मी तुलाही वाचवतेय. आणि खरंच, काकी गप्प बसली असती तर तिचं नाव वाचलं असतं. गारठ्यावर सगळं गेलं असतं. गारठ्याला कोण जाब विचारणार?

काकी पुढे आली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, तिला भान नव्हतं.

"शेगडी होती. मी ठेवली. निखारे जास्त मी घातले, दार मी बंद करायला सांगितलं. ही बाई नको म्हणाली असती तरी मी ऐकलं नसतं. आता तुम्ही पोरीला काय द्यायचं ते द्या."

डॉक्टरीण आत धावली. मग नळ्या, मास्क, ऑक्सिजन, आम्हाला बाहेर काढलं. नंतर तिनं भाऊंना समजावून सांगितलं की निखाऱ्यातून एक विषारी हवा सुटते, दिसत नाही, वासही येत नाही, कोंडलेल्या खोलीत माणूस झोपेतच जातो. शेगडीचं वेळेवर कळलं ते बरं झालं, नाहीतर आधी थंडीचाच इलाज चालू झाला असता. गौरव कंपनीतून तसाच गणवेशात आला. सासूनं त्याला गारठ्याचं सांगायला सुरुवात केली, त्यानं शेगडीचं भाऊंकडून ऐकलं आणि तिला मधेच थांबवलं. लोट्यात काम करणाऱ्याला न दिसणारी हवा काय करते हे समजावून सांगावं लागत नाही.

ऋतिका संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली. पोरीला बरेच दिवस ठेवून घेतलं. वाचली. पण डोळे, कान, हालचाल सगळं पुन्हा पुन्हा तपासायला बोलावलं आहे, काय ते वर्षभरात कळेल म्हणतात. देवा, एवढं एक नीट कर.

वाडीत काय झालं? व्हायचं तेच. आधी सगळे म्हणत होते, गारठा बाधला. मग काकीनं दवाखान्यात काय सांगितलं ते पसरलं, आणि सगळे म्हणायला लागले, म्हातारीला चळ लागलाय, दिसत नाही, कळत नाही, कुणी सांगितलं होतं हिला बोलवायला. यमुनाबाई जाईल तिथं सांगत होती की हिनं एवढ्या माणसांत आपल्याला खोटं पाडलं. नात वाचली कशानं, त्याचं काही नाही. माझ्या रिक्षात बसून बायका हे बोलायच्या, आणि त्यांतल्या निम्म्यांची पोरं काकीच्या पायांवर वाढलेली. हात दाखवून अवलक्षण, असं एक जण म्हणाली, कशाला बोलायचं होतं तिनं? माझं डोकं असं फिरलं की तिला मी मधेच उतरवली. चाल म्हटलं, थंडी छान आहे.

काकीकडे गेलो तर ती चुलीपुढे बसली होती, चूल न पेटवता. मला म्हणाली, माझ्या सासूनं शिकवलं तेच केलं रे मी, तसंच्या तसं. नुसतं एवढं बघितलं नाही की वर कौलं नाहीत. मग हात पुढे धरले. या हातांचीच मला भीती वाटते आता, म्हणाली. मी बाहेर येऊन रिक्षाची काच पुसली.

दोन दिवसांनी काशीवहिनीचा मला फोन. मथुरेला यापुढे आणू नको, आमचं आम्ही बघू. म्हणजे तेही घर गेलं. मला ते काकीला सांगणं भाग होतं. वाटलं रडेल. तिनं निराळंच विचारलं.

"शेगडी बंद केली का तिनं?"

मी म्हटलं, ते काही विचारलं नाही. काकी माझ्यावर अशी भडकली की लहानपणापासून कधी बघितली नव्हती. अरे माझं राहू दे बाजूला, ते विचारायचं सोडून तू काय ऐकत बसलास? जा, आता जा. मी गेलो. काशीवहिनी ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. विचारलं, शेगडी? म्हणाली, आहे की. शेगडीनं काय केलंय? मथुरेला अंदाज राहिला नाही, मी आपली बरोबर घालते. आणि सुनेच्या खोलीच्या खिडकीची काच बंद, आतून पडदा, कारण वारा त्याच बाजूचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. चार शब्द सुनावले, तर मलाच म्हणाली, तू रिक्षा चालव.

परत येऊन काकीला सांगितलं. ती उठली, पदर खोचला आणि रिक्षात येऊन बसली. मी म्हटलं, काकी, नको, अपमान करतील. ती म्हणाली, करू देत.

काशीवहिनीनं तिला खळ्यातच अडवलं. ओटीवर पाय ठेवू नको म्हणाली, एवढं करून पुन्हा तोंड घेऊन आलीस? आवाज ऐकून शेजारी जमले. काकी भांडली नाही. ओटीखालच्या चिऱ्यावर बसली, वारा सरळ अंगावर, पांघरायला काही नाही. म्हणाली, शेगडी त्या खोलीतून बाहेर येईपर्यंत मी इथून उठत नाही. मला घरात घेऊ नका, पोराला हात लावू देऊ नका, कधीच नका. शेगडी तेवढी बाहेर काढा. काशीवहिनी म्हणाली, बस, किती बसतेस ते बघते. आणि शेजारी? माकडटोप्या घालून मजा बघत उभे. हेच म्हातारं माणूस मे महिन्यात असं उन्हात बसलं असतं तर चार जणांनी धरून सावलीत नेलं असतं. मी माझा स्वेटर काढून तिच्या खांद्यावर टाकला. तिनं तो बाजूला केला.

मग तिनं त्या बंद खिडकीकडे बघून हाक मारली. आवाज मोठा नव्हता.

"वेदिका, बाय, डोकं दुखतंय का गो तुझं?"

आतून काही नाही. काशीवहिनी म्हणाली, झोपली आहे ती, उठवू नको. काकीनं पुन्हा तेच विचारलं, तसंच. मग पडदा हलला. काच थोडी सरकली, अडली, आणि मग पूर्ण सरकली. वेदिकेचा चेहरा पांढरा पडला होता.

"दुखतंय, काकी. सकाळपासून."

काशीवहिनीच्या हातातलं सूप खाली पडलं, तांदूळ सगळा ओटीभर. तीच आत धावली. तीच शेगडी फडक्यानं धरून बाहेर घेऊन आली आणि खळ्याच्या पार टोकाला नेऊन तिच्यावर पाण्याची कळशी ओतली. मागोमाग वेदिका पोराला घेऊन आली, भिंतीला धरत. काकी उठली, पण पुढे गेली नाही. हात मागे बांधून उभी राहिली.

"रडव त्याला," ती म्हणाली. "तळव्याला चिमटा काढ. जोरात काढ."

वेदिकेला ते होईना. आईच ती. काशीवहिनीनं काढला. पोरानं क्षणभर तोंड नुसतं वाकडं केलं, आणि मग असा टाहो फोडला की कलमांवरचे कावळे उडाले. काकी त्या चिऱ्यावर बसली आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कुणी जवळ गेलं नाही, कुणी तिला आत ये म्हटलं नाही, काशीवहिनीनंसुद्धा नाही. मी हाताला धरून रिक्षात बसवलं आणि वेदिकेला, पोराला घेऊन दवाखान्यात दाखवायला निघालो, पडदे वर गुंडाळून. पोर सगळा रस्ता रडत होतं. काकी त्याच्याकडे न बघता बाहेर बघत होती.

"लवू," ती म्हणाली, "आवाज चांगला आहे रे त्याचा."